माझ्याच हातांची भीती

मला दिवस गेलेत हे सगळ्यात आधी कोळंबीने सांगितलं.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून बाहेरदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. तिथे मी माल तपासायचं काम करते. आलेल्या मासळीचा रंग बघायचा, बोटाने दाबून बघायचं, वास घ्यायचा आणि ठेवायची की परत पाठवायची ते ठरवायचं. त्या सकाळी मी ट्रेमागून ट्रे बाजूला काढत होते. सगळ्या कोळंबीला मला एक गोडसर, कुजका वास येत होता. साहेबांनी वास घेऊन बघितला आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. प्रयोगशाळेतून निकाल आला, तर माल अगदी उत्तम. मग पॅकिंगला बसणारी एक बाई हातमोजे काढत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माल तोच हाय गो. तूच बदललीस. तपासून घे."

तपासलं, तर खरंच.

घरात आनंद झाला. मांडवीला समुद्राजवळ आमचं घर, घरात मी आणि सासूबाई. नवरा मुंबईत एका गोदामात सुपरवायझर, महिन्यातून एकदा यायचा. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की मागे काम करणारी माणसं काय झालं म्हणून विचारायला लागली.

मला मात्र आनंदापेक्षा धक्केच जास्त बसत होते. वासाचं मी समजू शकत होते, बायकांना डोहाळे लागतात हे कुणाला माहीत नसतं? पण सातव्या महिन्यात कारखान्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि मला 'तापमान' हा शब्द आठवेना. दिवसभर मी तोच लिहिते, तोच बोलते. शीतगृहाच्या दारावर तो रंगवलेला आहे. आणि मी सगळ्यांसमोर हात हलवत म्हणत होते, "ते... ते आपलं... किती थंड आहे ते." सगळे हसले, मीही हसले. बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे गेले आणि तो शब्द दहा वेळा म्हणून बघितला. मी वर्गात पहिली येणारी मुलगी. हे डोकं कुणाचं होतं?

सासूबाई म्हणाल्या, "होतं तसं. सगळं पोटात उतरतं." मला ते पटलं नाही आणि दुसरं काही सांगणारंही कोणी नव्हतं.

मुलगी झाली. रत्नागिरीतल्याच दवाखान्यात, सकाळी. नर्सने तिला माझ्या छातीवर ठेवलं. त्या क्षणाबद्दल मी इतकं ऐकलं होतं. डोळ्यांतून धारा लागतात, ऊर भरून येतो, जन्माचं सार्थक होतं. माझा ऊर काही भरून आला नाही. कुणीतरी फार मोलाची, फार नाजूक वस्तू माझ्या हातात देऊन "सांभाळ" म्हणून निघून जावं, तसं वाटलं. मी तिच्याकडे टक लावून पाहत होते, पण ती माया नव्हती, पहारा होता. श्वास चालू आहे ना? मान वळली नाही ना? नवरा पेढ्यांचा खोका घेऊन दारात उभा होता. "कशी आहे गं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "श्वास घेतेय." त्याचा चेहरा बघून मला कळलं, आपण काहीतरी भलतंच बोललो.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. पूर्णगडाहून आत, खाडीपासून थोडं वर आमचं गाव आहे. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. भातशेती, थोडी आंब्या-काजूची कलमं, एक गाय. आईने माझं सगळं अगदी रीतसर केलं. शेक-शेगडी, अळिवाची खीर, बाळाला आंघोळ घालायला शेजारची म्हातारी. आंघोळीनंतर बाळाला कोवळ्या उन्हात धरायचं म्हणून मी तिला दुपट्यात गुंडाळून खळ्यात आणायची. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. त्याच्या एका कडेला आमची विहीर. चिऱ्यांनी बांधलेली, कठडा गुडघ्याएवढा.

एका सकाळी मी अशीच उन्हात उभी होते. बाळ झोपलं होतं. गाय रवंथ करत होती. आई भात वाळत घालत होती. माझी नजर सहज विहिरीकडे गेली, आणि मला दिसलं की माझे हात पुढे होतायत आणि दुपटं सुटतंय. खाली पाण्याचा आवाजसुद्धा आला.

काही झालं नव्हतं. मी विहिरीपासून चांगली लांब होते, बाळ माझ्या कुशीत घोरत होतं. पण जे दिसलं ते इतकं स्पष्ट होतं की माझ्या तोंडातून किंकाळी निघाली.

"काय झाला गो बाय?" आई सूप टाकून धावली.

"काही नाही. पाय घसरला," मी म्हटलं आणि आत पळाले. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून बसले. हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. मला त्या हातांची भीती वाटत होती.

मला वाटलं, एकदाच झालं, आता होणार नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, आई विळीवर नारळ खवत होती, आणि त्या विळीच्या पात्यावर मला नको ते दिसलं. मग आंघोळीचं गरम पाणी, मग उशी, मग माडीवरून खाली येणारा जिना. जिथे म्हणून बाळाला इजा होऊ शकते, तिथे तिथे माझ्या डोळ्यांपुढे ती इजा होऊन जायची. आणि करणारी दर वेळी मीच असायची.

मी विहीर झाकायला लावली. "शेजारची वासरं येतात गो, एखादं पडेल," असं आईला सांगितलं. तिने फळ्या टाकल्या. विळी माळ्यावर ठेवायला लावली, तर म्हणाली, "मग मी नारळ काय दातान खवू?" बाळाला दूध पाजायचं आणि लगेच आईकडे द्यायचं, एवढंच मी करायला लागले. बाळ रडलं की माझ्या छातीत कळ यायची, दूध आपोआप वाहायला लागायचं, सगळं अंग तिच्याकडे धाव घ्यायचं आणि मी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. त्या दोन ओढींत माझं काय होत होतं ते शब्दांत सांगता येत नाही.

शेवटी आईनेच विचारलं. दुपारची वेळ होती, बाळ तिच्या मांडीवर होतं.

"पोर रडताय आणि तू लांब उभी ऱ्हातेस. तुला ती नको झालीये काय?"

तेव्हा माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. विहिरीचं, विळीचं, जिन्याचं. मला वाटलं होतं, आई जवळ घेईल, म्हणेल की होतं असं बाळंतिणीला. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि ती चक्क मागे सरकली. माझ्यापासून! माझी आई.

"कुणाच्या नजरेत आलीस गो?" ती पुटपुटली. त्याच संध्याकाळी तिने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि बाळाचा पाळणा आपल्या खोलीत नेला. दूध पाजताना समोर बसून राहायची. तिचे डोळे माझ्या हातांवर असायचे.

नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "तू बाळाजवळ एकटी थांबू नकोस. मी येतो."

त्याला दोष देत नाही. त्याला तरी दुसरं काय सुचणार होतं? पण फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा खात्री वाटली, मी वाईट बाई आहे आणि आता ते सगळ्यांना कळलंय.

बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंकडे तपासणीला जायचं होतंच. नवरा आला, आई आली, आम्ही तिघं बाळाला घेऊन रत्नागिरीला गेलो. डॉक्टरबाईंनी टाके बघितले, रक्तदाब बघितला, आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मन कसं आहे? नको नको ते विचार येतात का?"

मी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. आईच म्हणाली, "ती बोलायची न्हाय. तिला पोर विहिरीत टाकल्यासारखा दिसता."

मला वाटलं, आता या पोलिसांना बोलावणार. बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"तुला तसं करावंसं वाटतं का?"

"नाही!" मी ओरडलेच. "नाही हो! मी मरेन, पण..."

"कुणाचे आवाज ऐकू येतात? कर म्हणून कोणी सांगतंय असं वाटतं?"

"नाही."

"असं दिसलं की तू काय करतेस?"

"लांब जाते. हात बांधून ठेवते."

त्यांनी मान हलवली आणि माझ्याशी नाही, आई आणि नवऱ्याशी बोलायला लागल्या. "गरोदरपणात बाईचं नुसतं पोट बदलत नाही, मेंदूही बदलतो. आतली रचनाच बदलते. बाळ कशाला रडतंय, त्याला कुठे धोका आहे, हे ओळखणारा भाग फार जागा होतो. तो जागा असतो म्हणून बाळ जगतं. काही जणींचा तो जरा जास्तच जागा होतो. विहीर दिसली की तो विचारतो, इथे काय वाईट होईल? आणि लगेच चित्र काढून दाखवतो. ही तिची इच्छा नाही, भीती आहे. जिला खरंच तसं करावंसं वाटतं, किंवा ते करणं बरोबरच आहे असं वाटतं, किंवा आवाज येतात, तिला मी आत्ता घरी सोडलं नसतं. हिचं तसं नाही."

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे असं इतर बायकांनाही होतं?"

"पुष्कळ जणींना एखादवेळी दिसून जातं. सांगत नाहीत. कशाला सांगतील? बघा, सांगितल्यावर काय झालं." आणि त्या आईकडे वळल्या. "बाळाला हिच्यापासून लांब ठेवू नका, आई. तुम्ही लांब ठेवलंत की हिच्या मेंदूला वाटतं, धोका खरा आहे."

त्यांनी मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या, दर आठवड्याला बोलणं. त्या बोलण्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला शिकवली. चित्र आलं की पळायचं नाही. येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं, बाळाला धरून ठेवायचं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून परतताना रिक्षात बाळ आईच्या मांडीवर होतं. नवरा पुढे बसला होता. घर आलं. आई उतरली, बाळ नवऱ्याकडे देऊन सरळ खळ्यात गेली आणि विहिरीवरच्या फळ्या एकेक करून बाजूला करायला लागली.

"आई, काय करतेस?"

"हयसर ये."

मी जागची हलले नाही. तिने येऊन माझा दंड धरला, मला विहिरीपासून चार हातांवर उभं केलं आणि नवऱ्याकडून बाळ घेऊन माझ्या हातात दिलं.

"धर."

"आई, नको."

"धर म्हणत्ये ना. डॉक्टरीण काय खोटा बोलेल?"

मी धरलं. चित्र आलं. पुन्हा आलं. माझे दात वाजत होते. नवरा पायरीवर उभा होता, त्याला पुढे यायचं होतं आणि येता येत नव्हतं. तेवढ्यात मला मागून ओढ जाणवली. आईने माझ्या ड्रेसची पाठ मुठीत घट्ट धरून ठेवली होती. डॉक्टरीण खोटं बोलत नव्हती, पण आईचा विश्वास अजून तेवढा बसला नव्हता. तरी तिने बाळ माझ्याच हातात ठेवलं.

"मला न्हाय गो असा कधी दिसला," ती मागून म्हणाली. "उगीच खोटा कशाला बोलू? पण तू माजी हायस."

बाळ जागं झालं आणि तोंड वेडंवाकडं करून रडायला लागलं. तिला भूक लागली होती. मी तिथेच, खळ्यात बसून तिला पाजायला घेतलं. आईने मूठ सोडली ती कधी, ते मला कळलं नाही.

चित्रं एकदम गेली नाहीत. पण हळूहळू ती रस्त्यावरच्या गाड्यांसारखी झाली. आवाज करत यायची आणि निघून जायची.

यानंतरचा धक्का मात्र मी स्वप्नातही कल्पिला नसता असा होता.

रजा संपली, मी मांडवीला परत आले. बाळाला सासूबाई सांभाळणार होत्या. पण मी कामावर जायच्या आधीच त्या न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना स्वतःला उठता येईना. माझी रजा वाढेना. नवऱ्याने मुंबईहून बिनपगारी रजा काढली आणि तो घरी आला. गोदामातल्या पन्नास माणसांना हाताखाली ठेवणारा माणूस पहिल्या दिवशी लंगोट बांधताना घामाघूम झाला.

मला वाटलं होतं, तो आठवडाभरात शरण येईल. तो शिकला. सासूबाईंना बसतं करून भरवणं, बाळाला आंघोळ, मऊ भात, मालिश. महिनाभरात तर मला माझ्या घरातच पाहुणी असल्यासारखं वाटायला लागलं. सासूबाईंजवळ शेजारच्या काकूंना बसवून आम्ही एका लग्नाला गेलो होतो. बाळाला आतल्या खोलीत माझ्या चुलत जावेजवळ झोपवलं होतं. हॉलमध्ये सनई, पंगत, गोंगाट. आम्ही दोघं जेवत होतो आणि हा घास हातात तसाच ठेवून एकदम उठला. "रडतेय," म्हणाला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मागोमाग गेले, तर ती खरंच नुकती हुंदका द्यायला लागली होती. मी, तिची आई, भजी खात बसले होते. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवासुद्धा.

तोही विसरायला लागला होता. गॅसवर दूध ठेवून विसरायचा. एकदा मला हाक मारायला गेला आणि त्याला माझं नाव आठवेना, बाळाचंच येत राहिलं.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावरून निरोप आला, घरून कोणी आलंय. मी धावत गेले. नवरा उन्हात उभा होता. बाळ पोटाशी कापडाने बांधलेलं, झोपलेलं. त्याचा चेहरा मी ओळखला. आरशात पाहिलेला चेहरा होता तो.

"आईंना काही झालं का?"

त्याने मान हलवली. "नाही. शेजारच्या काकू बसल्यात तिच्याजवळ." मी त्याला भिंतीच्या सावलीत नेलं.

"जेटीवर गेलो होतो," तो म्हणाला. "नेहमीसारखा, हिला समुद्र दाखवायला. काठावर उभा होतो. आणि मला... माझ्या हातांनी..." त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी वेडा झालो का गं?"

ज्याला कळा आल्या नाहीत, ज्याच्या अंगात दूध नाही, ज्याने मला 'एकटी थांबू नकोस' सांगितलं होतं, तो माझ्यासमोर उभा राहून माझंच दुःख स्वतःच्या तोंडून सांगत होता. मी तर समजून बसले होते की हे सगळं गर्भाशयातून येतं.

"तुला तसं करावंसं वाटतं का?" मी विचारलं.

"नाही!" तो इतक्या जोराने ओरडला की फाटकावरचा रखवालदार वळून बघायला लागला आणि बाळ दचकून जागं झालं.

मी त्याचे हात पाठीमागून ओढून पुढे आणले आणि बाळाभोवती ठेवले. तो रडायला लागला. रडता रडता म्हणाला, "मी तुला फोनवर काय बोललो होतो ते आठवतंय मला."

"मलाही," मी म्हटलं. आत्ता ते माफ करायची वेळ नव्हती, आणि न करायचीही नव्हती. मी साहेबांना सांगून अर्धा दिवस मागून घेतला.

मनाचे डॉक्टर त्याला म्हणाले, बाळाची काळजी वाहणाऱ्या बापाचाही मेंदू बदलतो. पोटात वाढवलं नाही म्हणून तो सुटत नाही. दिवसभर जो कुणी त्या जिवाची हाक ऐकत राहतो, त्याचा मेंदू त्या हाकेच्या बाजूने वळत जातो. नवऱ्याने घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. पलंगावर पडल्यापडल्या त्या म्हणाल्या, "मग तुझ्या वडिलांचा का नाही बदलला?" आणि मग पांघरूण नीट करत स्वतःच म्हणाल्या, "त्यांनी घेतलंच कुठे कधी कुणाला हातात."

तो मुंबईला परत गेला नाही. आता इथेच एका वाहतूक कंपनीत काम करतो. मुलगी बालवाडीत जाते, सासूबाई काठी घेऊन फिरतात. आमच्यात त्या फोनवरच्या वाक्यावरून भांडण एकदाच झालं आणि चांगलं कडाक्याचं झालं. त्यानंतर तो विषय निघाला तरी जीव घाबरा होत नाही.

मागच्या वर्षी आमच्या विभागातल्या एका मुलीला दिवस गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डबा खाताना मी तिला सांगितलं, बाळ झाल्यावर कधी डोळ्यांपुढे काही भयंकर आलं तर घाबरू नकोस, लपवूही नकोस, मला सांग. तिचा घास हातातच राहिला. "ताई, असं अभद्र काय बोलता?" म्हणाली आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. नंतर रजेवर जाईपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. बाकीच्याही म्हणाल्या, तू हे सांगायला नको होतंस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. मागे बाळाचं रडणं. मग ती एवढंच म्हणाली, "ताई, ते तुम्ही डबा खाताना सांगितलेलं..."

"बाळ कुठे आहे?"

"माझ्याजवळच. पण मी हात लावत नाहीये."

"उचल बाळाला," मी म्हटलं. "उचलून बस. मी येतेय."

नवऱ्याने न विचारता स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि तोही चपला शोधायला लागला.